बाराशे बाय साडेसातशे

जयमालाचा लॅपटॉप पोळपाटावर बसायचा. हौस म्हणून नाही. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला हवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि थेरगावच्या त्या वन बीएचकेमध्ये उंची वाढवायला पिठाचा चौकोनी डबा आणि त्यावर पोळपाट, एवढीच काय ती सोय होती. पण पोळपाटाला त्याचं स्वतःचं काम होतंच की. सकाळी डब्याच्या पोळ्या, संध्याकाळी जेवणाच्या. दिवसातून दोनदा लॅपटॉप खाली उतरायचा, पोळपाट ओट्यावर जायचा आणि पोळ्या झाल्या की धुऊन पुसून पुन्हा डब्यावर यायचा. कधी पुसायचा राहिला तर लॅपटॉपच्या पोटाला पीठ लागायचं.

जयमाला ड्राफ्ट्समन होती. लातूरच्या आयटीआयमध्ये तो ट्रेड केलेला, लग्न होऊन इकडं आल्यावर बारा वर्षं एका कंपनीच्या डिझाइन विभागात काढलेली. ती कंपनी गाशा गुंडाळून गेली तेव्हापासून ती घरूनच काम घेत होती. चाकणकडची छोटी वर्कशॉपं तिला जुने, तेलाचे डाग पडलेले, घडीवर फाटलेले कागद पाठवायची आणि ती त्यांची कॉम्प्युटरवर नवी कोरी ड्रॉइंगं करून द्यायची. हात नेटका होता, नजर त्याहून नेटकी. एकेचाळीसाव्या वर्षी दगा दिला तो मानेनं. उजवीकडून कुणी हाक मारली तर तिला आख्खं अंग वळवावं लागे. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत.

"नीट बसा," डॉक्टर म्हणाले होते. "नाहीतर तीन महिने काम बंद करा."

नीट बसा. दोन शब्द. ते सांगायला डॉक्टरांना काही कष्ट पडले नाहीत, त्यांची खुर्ची मोठी होती.

त्यात तो लॅपटॉपही म्हातारा झाला होता. मोठी फाइल उघडायला लावली की तेवढ्यात भाजी निवडून व्हायची. शेवटी ज्ञानेशनंच विषय काढला. ज्ञानेश म्हणजे तिचा नवरा, चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं असेंब्ली लाइनवर. "दिवाळीच्या बोनसमध्ये तुला नवा कॉम्प्युटर घेऊ," तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला होता. त्याबद्दल त्याला नावं ठेवायला जागा नाही.

पण घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली, की ती कुणासाठी घ्यायची आहे हेच सगळ्यात आधी विसरलं जातं. लॅपटॉपच घ्यायचा यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. मुलगी करिष्मा वाकडच्या कॉलेजात होती, तिला प्रोजेक्टसाठी अधूनमधून तो नेता आला असता. सासू रुक्मिणीबाईंचं म्हणणं, टीव्हीच्या खोलीत आणखी एक टीव्ही नको. ज्ञानेशचं कारण सगळ्यात साधं होतं. त्याची तिसरी शिफ्ट असली की तो दिवसा बेडरूममध्ये झोपायचा, तेव्हा जयमालाला बाहेर जावं लागे. रुक्मिणीबाईंच्या मालिका लागल्या की तिला आत किंवा स्वयंपाकघरात जावं लागे. कुणी आलं-गेलं तर लॅपटॉप फ्रीजवर. "एवढं हलवाहलवीचं असताना डेस्कटॉप घेऊन काय करायलीस?" तो म्हणाला. बोलणं बिनतोड होतं. जयमालाला काहीतरी सलत होतं, पण काय ते नेमकं बोलता येईना, आणि जे बोलता येत नाही ते घरात धरलं जात नाही.

गुरुवारी ज्ञानेशची सुट्टी. दोघं डांगे चौकातल्या दुकानात गेले. दुकानदाराचा पोरगेला सेल्समन मोठा तरतरीत होता. तो सगळं ज्ञानेशला सांगत होता.

"मॅडमना काय करायचंय सर? नेट, शॉपिंग, मुलांचा अभ्यास?"

"थ्रीडी मॉडेलिंग," जयमाला म्हणाली. "आणि दोनशे पार्टची असेंब्ली स्क्रीनवर न अडकता फिरली पाहिजे."

सेल्समननं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं एक चपटा, करड्या रंगाचा लॅपटॉप काढला, प्रोसेसर सांगितला, रॅम सांगितली, ग्राफिक कार्डावर पाच मिनिटं घेतली. एवढं करून तो पुन्हा ज्ञानेशकडं वळला. "आणि सर, मेन म्हणजे वजन नाही. सोफ्यावर, बेडवर, किचनमध्ये, कुठंही बसून काम करता येतं."

कुठंही. जयमालानं तो शब्द ऐकला आणि तिला एकदम इतका शीण आला, की तिथल्याच स्टुलावर बसावंसं वाटलं. स्टुलावर प्रिंटरचं खोकं होतं. सहा वर्षं ती कुठंही बसूनच काम करत होती. दिवाणाच्या कडेवर बसून, ओट्यापाशी उभी राहून, पलंगाच्या पायथ्याशी मांडी घालून. त्याच दुकानात कोपऱ्यात एक मोठा मॉनिटर लावलेला होता, सत्तावीस इंची, आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. तिनं त्या खुर्चीकडं दोनदा पाहिलं. ज्ञानेशनं विचारलं, "आवडला का?" तो लॅपटॉपबद्दल विचारत होता. ती म्हणाली, "चांगला आहे." पुढच्या गुरुवारी येऊन घेऊन जाऊ असं ठरवून दोघं घरी आले.

सोमवारी सकाळी रणजीतभाऊंचा फोन आला.

रणजीतभाऊ कुरुळीचे. आजोबांची जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर वडलांनी, मारुतरावांनी, शेड टाकली आणि आता ते स्वतः तिथं फिक्श्चर बनवायचे. म्हणजे कंपनीत पार्ट पकडून ठेवायची लोखंडी साधनं. जयमालाचं निम्मं काम त्यांचंच असे.

"ताई, त्या बेसप्लेटचं ड्रॉइंग. दोन भोकांतलं अंतर तुमी एकशे पंचेचाळीस दिलंय."

"हो."

"जुन्या कागदावर एकशे चोपन्न हाय."

जयमालानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तीस प्लेटा ड्रिल झाल्या ताई. मीबी मेळ घालून बघितला न्हाई, तुमचं काम म्हणून तसंच ड्रिलला दिलं." आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "या एकदा. समोर बसून बोलू."

चूक कशी झाली ते तिला फोन ठेवायच्या आधीच आठवलं होतं. शनिवारी संध्याकाळी ती दिवाणावर बसून तीच प्लेट काढत होती, जुना कागद शेजारी पसरलेला. इतक्यात ज्ञानेशच्या लाइनवरचे दोघं जण आले. तिनं लॅपटॉप उचलला, डबा उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. कागद दिवाणावरच राहिला, त्यावर पाहुणे बसले. पाहुण्यांना उठवून कागद मागणं बरं दिसलं नसतं. तेव्हाच पोळ्यांचीही वेळ झाली, म्हणून पोळपाटही गेला. मग ओट्यावर वाकून, एका हाताला पीठ असताना, तिनं राहिलेलं माप आठवणीतून घातलं. एकशे पंचेचाळीस. ड्रॉइंग तसंच पाठवलं, रात्री ताडून बघू म्हणाली होती. रात्री मान इतकी ठणकत होती, की ती आडवी झाली ती झालीच.

अठरा वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मान गेली तेव्हा तिला राग आला होता. आता शरम वाटली, आणि शरम मानेपेक्षा वाईट.

नाशिक फाट्यावरून चाकणची बस मिळाली. मोशीच्या पुढं ट्रक थांबले होते आणि त्यांच्यामागं बस थांबली होती. कुरुळी फाट्याला उतरेपर्यंत दीड तास गेला. शेडमध्ये दाराशीच त्या तीस प्लेटा रचून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर लाल खडूची फुली. तिनं वरच्या प्लेटवर हात ठेवला. भोकं अगदी स्वच्छ पडली होती, फक्त चुकीच्या ठिकाणी.

रणजीतभाऊ मागच्या बाजूला होते. तिथं नवी मशीन यायची होती. ती यायला अजून महिना होता, पण जागा तयार होती. जमीन खोदून भरलेलं काँक्रीट, वर सपाटी बघायला ठेवलेली लेव्हलची पट्टी, आणि भोवतीनं पिवळ्या रंगाचा चौकोन. त्या चौकोनात कुणी साधी बादलीसुद्धा ठेवलेली नव्हती.

"चहा घ्या," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "ताई, एक विचारू का? आमच्याकडं ऑपरेटरच्या हातनं जॉब बिघडला, तर आमी आदी त्याला शिव्या देत न्हाई. मशीन कशी बसलीय, उजेड कुठनं येतोय, ते बघतो. तुमी बसता कुठं?"

"घरीच."

"घरी व्हय. पर घरी कुठं?"

जयमालानं तोंड उघडलं आणि तिला सांगता येईना. दिवाणावर म्हणावं तर तो सकाळचा. ओट्यावर म्हणावं तर तो संध्याकाळचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते येऊ नये म्हणून तिनं मान वळवली, आणि मान वळेना, म्हणून पाणी तसंच रणजीतभाऊंच्या समोर आलं.

ते अवघडले. चहाचा कप उगाच हातात फिरवला. "नवा कॉम्प्युटर घेताय म्हणला होता."

"लॅपटॉप बघितलाय. गुरुवारी आणायचा."

"आता बघा," त्यांनी पिवळ्या चौकोनाकडं बोट केलं, "ही मशीन कंची घ्यायची, ते आमी मागनं ठरवलं. आदी जागा. जागा न ठरवता मशीन आणली, तर ती दारात उभी ऱ्हाती, सगळ्यांच्या मदी येती, आन मग जो तो तिला ढकलतो." मग ते म्हणाले, "पुढचं काम मोठं हाय. साठ ड्रॉइंगं. ते तुमाला द्यावं असं माझ्या मनात हाय. पर तुमी कुठं बसनार ते मला आदी सांगा. शुक्रवारपर्यंत सांगा. न्हाईतर मला दुसरीकडं द्यावं लागंल, रागावू नका."

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, आणि तिच्या मनात आलं, की गेल्या कित्येक महिन्यांत एका जागी सलग दीड तास आपण आज पहिल्यांदाच बसलो. त्या विचारानं तिला हसूही आलं नाही.

मंगळवारी तिनं एक ड्रॉइंग काढलं, कुणी न मागितलेलं. आपल्या घराचं. टेप घेऊन भिंती मोजल्या, दारं मोजली, फ्रीज, टीव्हीचं कपाट, सासूबाईंची कॉट, चपलांचा स्टँड, सगळं मिलिमीटरमध्ये घातलं. बारा वर्षं या घरात राहत होती, पण वरून ते कसं दिसतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. हॉलमधल्या एकुलत्या एका खिडकीखाली दिवाण होता, अठराशे बाय नऊशे. त्याच्या पोटात चार गाद्या, सहा उशा आणि एक मच्छरदाणी. ज्ञानेशचा धाकटा भाऊ शेखर वर्षातून दोनदा लातूरहून यायचा, त्याच्यासाठी. घरातला सगळ्यात चांगला उजेड त्या गाद्यांवर पडत होता. चपलांना जागा होती, मच्छरदाणीला जागा होती. जयमाला त्या ड्रॉइंगकडं बराच वेळ बघत राहिली. ड्रॉइंगमध्ये ती कुठंच नव्हती.

तिला सासरच्यांचा राग आला नाही. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. तीच इतकी वर्षं पटकन उठत आली होती.

बुधवारी दुपारी ज्ञानेश तिसऱ्या शिफ्टच्या आधीची झोप काढत होता, तेव्हा ती डांगे चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. "पिवळी पट्टी द्या, जमिनीवर लावायची," म्हणाली. या भागात कुठल्याही हार्डवेअरवाल्याला त्याहून जास्त सांगावं लागत नाही. त्यानं न बघता मागचा रोल काढून दिला.

संध्याकाळी ज्ञानेश कंपनीच्या बसला गेला आणि करिष्मा कॉलेजातून आली.

"त्या टोकाला धर," जयमाला म्हणाली.

"कशाला मम्मी?"

"दिवाण हलवायचाय."

"तुझी मान..."

"म्हणूनच धर म्हणते."

दिवाण करकरत निघाला. बेडरूममध्ये कपाटासमोर कसाबसा बसला. कपाटाचं एक दार आता अर्धंच उघडणार होतं. खिडकीखाली बारा वर्षांची धूळ, एक बांगडी आणि करिष्माचं लहानपणीचं शार्पनर निघालं. जयमालानं फरशी दोनदा पुसली, सुकू दिली आणि गुडघ्यावर बसून पट्टी लावायला घेतली. टेबलाला बाराशे बाय साडेसातशे. मागं खुर्चीला नऊशे. कोपरे तिनं गुण्यात धरले, काटकोनात.

रुक्मिणीबाई कॉटवर बसून बघत होत्या. मालिका चालू होती, पण आज त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"पावने आले तर कुठं निजतील?"

"खाली निजतील, आत्याबाई. गाद्या आहेतच."

"ज्ञानेशला इचारलंस का?"

"नाही."

रुक्मिणीबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. बंद केला नाही, कमी केला. जयमालाला आणखी काही समजावून सांगायचं त्राण उरलेलं नव्हतं. चौकोन पूर्ण झाला तेव्हा तिची पाठ भरून आली होती. तो रिकामा चौकोन तसाच ठेवून तिनं पोळ्या लाटल्या. पोळपाट आज परत डब्यावर गेला नाही.

झोप तिला धड लागली नाही. ज्ञानेश तापट नव्हता, पण तिसऱ्या शिफ्टहून आलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही. एक शब्द जरी वाकडा आला असता, तरी तिनं पट्टी खरवडून काढली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भांडायची ताकद तिच्यात नव्हती. जेवढी होती तेवढी दिवाण ओढण्यात गेली होती.

सकाळी साडेसातला दाराची कडी वाजली. ज्ञानेश आत आला. डोळे लाल, एका खांद्यावर बॅग. बावीस वर्षांच्या सवयीनं बूट दाराशी काढले आणि खिडकीकडं निघाला. रोज तो दिवाणावर टेकून मोजे काढायचा, मगच बोलायचा. खिडकीपाशी दोन पावलांवर त्याची नजर खाली गेली आणि तो थांबला. पिवळ्या पट्टीच्या एक वीत अलीकडं त्याचे दोन्ही पाय जुळून उभे राहिले. कंपनीत पट्टीवर पाय पडला तर सुपरवायझर नाव लिहून घेतो. पण इथं सुपरवायझर नव्हता. समोर उघडी फरशी होती, त्याच्याच घराची.

तो वळला. भिंतीच्या कडेनं, बॅग पोटाशी धरून, चौकोनाला वळसा घालून पलीकडं गेला, आणि मग त्यानं विचारलं,

"इथं काय बसवायलेत?"

जयमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रात्रभर तिनं उत्तरं जुळवली होती. डॉक्टर काय म्हणाले, रणजीतभाऊ काय म्हणाले, मॉनिटर किती इंची.

"मला," ती म्हणाली.

ज्ञानेशनं पट्टीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग तो वाकला, झोपेनं जड झालेल्या डोळ्यांनी कोपरा बघितला आणि बोटानं एका जागी वर आलेली पट्टी दाबली.

"किती बाय किती घेतलंय?"

"बाराशे बाय साडेसातशे."

"खुर्चीला मागं सोडलंस का?"

"नऊशे."

"हूं." तो भिंतीला टेकून उभा राहिला, बसायची नेहमीची जागा राहिलीच नव्हती. "मग लॅपटॉप कामून घ्यायचा? त्याला कशाला लागतीय एवढी जागा."

"तेच सांगणार होते. नको लॅपटॉप."

"शेखर आला तर..." तो म्हणाला आणि मध्येच थांबला. तिची आतापर्यंत ताठ धरलेली मान त्याला दिसली असावी. "बघू. निजंल खाली."

जयमाला चौकोनात गेली आणि जिथं खुर्ची येणार होती तिथं, फरशीवरच, बसली. समोर टेबल नव्हतं, कॉम्प्युटर नव्हता. डाव्या खांद्यावरून खिडकीतलं ऊन येत होतं आणि कुणी तिला ऊठ म्हणत नव्हतं. ती रडली, आवाज न करता, आणि डोळे पुसायची घाई केली नाही.

आत रुक्मिणीबाईंनी चहा टाकला होता. त्यांनी दोन कप आणून मुलाच्या हातात दिले आणि सुनेकडं बघून न बघितल्यासारखं करून परत गेल्या. ज्ञानेश कप घेऊन पट्टीपर्यंत आला. मोजे अजून पायातच होते. तिथं थांबून, पाय पट्टीच्या बाहेरच ठेवून, तो पुढं वाकला आणि त्यानं तिचा कप तिला दिला.